बाबांचं भाण

डिचोली,
१२ जानेवारी

प्रिय विन्या,

सोळा महिन्यांनी लिहितोय. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी लगेच विषय बदलतो. तब्येत ठीक. साखर थोडी वर आहे. आईचे गुडघे होते तसेच.

आज ७१ दिवस झाले, घेतलेली नाही. हसू नकोस. म्हणजे हस, पण पुढे वाच.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की एकदम सोडायची नाही, जिवावर बेतू शकतं. त्यामुळे पहिले दिवस गोळ्यांवर काढले. हात इतके कापायचे की चहा बशीत ओतून, बशी टेबलावरच ठेवून, वाकून प्यायचो, मांजरासारखा. सुमा बघायची आणि काही बोलायची नाही. मग त्या डॉक्टरांनीच ए.ए.चा, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मंडळाचा नंबर दिला. तो तीन दिवस खिशात ठेवला.

मीटिंग मुद्दाम म्हापशाची धरली. डिचोलीत कोणी बघितलं तर? वा रे इभ्रत! गटारात पडलेला गावाने बघितला तेव्हा लाज वाटली नव्हती. चॅपेलमागच्या शाळेचा वर्ग, तिसरी-चौथीची बाकं, गुडघे हनुवटीला लागतात. दारावरून दोनदा पुढे गेलो, कोपऱ्यावर सोडा प्यायलो, मग आत शिरलो. आत पहिलाच जो दिसला तो आपल्याच गावचा! तोही माझ्यासारखाच लपायला वीस किलोमीटर आलेला. कोण ते विचारू नकोस. तिथे जे दिसतं, ऐकू येतं, ते तिथेच ठेवायचं असतं. तुझ्यापासून मी आजवर फक्त दोन गोष्टी लपवल्या, ही तिसरी.

फी नाही, फॉर्म नाही, आडनाव नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं. शेवटी पिशवी फिरते, वाटलं तर दहा-वीस टाकायचे. बाहेरच्याची देणगी ते घेतच नाहीत. एकेक जण उठतो, ‘हांव अमको, हांव अल्कोहोलिक’ म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. कोणी कोंकणीत, कोणी इंग्रजीत, मी मराठीत. पहिल्या दिवशी माझा आवाजच फुटेना. नाटकात टाळ्या घेणारा मी! बाजूच्या म्हाताऱ्याने नुसता चहाचा पेला पुढे सरकवला. आता तोच माझा स्पॉन्सर, म्हणजे नव्याला सांभाळून घेणारा जुना सभासद. जीभ तिखट आहे, तुझ्यासारखीच. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघे पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं, हे त्यानेच सांगितलं. आपणही दोघेच बसायचो रे, फक्त मध्ये बाटली असायची.

आता खरी गोष्ट. परवा त्याने विचारलं, ‘मार्चांत तूं कितें करतलो रे?’

मला घामच फुटला. त्यांचं म्हणणं, फक्त आयचो दीस. उद्याचं उद्या. पण काजूला हे कोण सांगणार? महिना-दीड महिन्यात बोंडू पडायला लागतील. फेणी गाळायची भाटी आमची, आजोबांपासूनची. नीरो, म्हणजे बोंडवांचा रस, आंबला की त्याचा वास थेट माजघरात येतो. हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, चाखायची कोणी? बाबा गेल्यापासून गावात सगळे माझ्याच जिभेवर विसंबतात. पेल्यात ओतताना उठणारे बुडबुडे बघून कळतं म्हणा, पण घोट घेतल्याशिवाय भाव ठरत नाही. आणि माझा एक घोट म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. २००९ साली काजू फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी गावभर पेढे वाटले होते. त्यांच्याच मुलाने भाटी विझवायची?

रात्री हिशेब मांडत बसतो. काजूबिया विकून घर चालेल, ओढाताण होईल. नीरो शेजारच्या भाटीवाल्याला देता येईल. पण मग वास त्याच्याकडून येईलच! सुमा म्हणते, सीझनभर माझ्या माहेरी राहू. तिचा भाऊ दर संध्याकाळी ग्लास घेऊन बसतो हे ती विसरते. धाकटा भाऊ म्हणतो मी चालवतो भाटी, तू फिरकू नकोस. तो फिरकू नकोस म्हणाला की माझे पाय वळणारच, लहानपणापासूनचं आहे.

गणेशचवथीच्या त्या रात्री तू माझी बाटली मोरीत ओतलीस आणि मी तुझ्या आईवरून बोललो. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत माफी मागणं नवव्या पायरीवर येतं, मी अजून पहिलीवरच घुटमळतोय, तेव्हा हे माफीपत्र समजू नकोस. बाटली मात्र चांगली होती, हे मी आजही म्हणेन.

तुझी बदली झाली म्हणे? चिनूची दहावी यंदा ना? वहिनींना नमस्कार.

काल भाटीच्या खोपीत गेलो. बाबांचं फेणी गाळायचं तांब्याचं भांडं, ते भाण, काळं पडलंय, आत कोळ्याने जाळं विणलंय. हात लावला आणि परत आलो. धाकट्याला विकायचं नाही म्हणून सांगितलंय, पण यंदा ते चुलीवरही चढणार नाही. माळ्यावर चढवून ठेवायचंय. ते एकट्याने उचलत नाही आणि धाकट्याला हात लावू देणार नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी येशील? सकाळीच ये, संध्याकाळी मला म्हापशाला जायचं असतं.

तुझा,
सुदा