हंडा, पेटी आणि मनू

पुणे,
२८ मे

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. ‘कुकरची शिट्टी झाली’ म्हणालीस. दुपारी साडेचारला आपल्याकडे कुकर लागत नाही, एवढं मला पुण्यात बसूनही कळतं.

त्याआधी जे बोललीस ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी नेहमीसारखी वैतागून म्हटलं की पोटात दुसरं बाळ आहे म्हणून मनूला उचलू नको, उचलू नको, किती वेळा सांगशील. तर तू म्हणालीस, ‘मी उचलला होता हंडा. तिसऱ्यात होते. तुझ्या आणि अप्पूच्या मधलं गेलं ते त्यानंच.’ मधलं एक होतं, हेच मला तेहतिसाव्या वर्षी कळलं. तेव्हा काही सुचलं नाही, आणि पुन्हा फोन केला तर तू पुन्हा कुकर लावशील, म्हणून लिहितेय. बाबा, हे तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवू नका. चष्मा तिच्याकडे द्या. तुमचं पुढे आहे.

काल तपासणी होती. माझं सगळं झाल्यावर डॉक्टरबाईंना तुझं विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच चूक झालेली असते. गर्भ धरतो त्याच वेळी हिशेब चुकलेला असतो; बाई पलंगावर झोपून राहिली तरी तो टिकत नाही. शिवाय गर्भ वाढायचा थांबला तरी रक्त दिसायला कधीकधी बरेच दिवस जातात. त्या दिवसांत बाई हंडा उचलते, जिना चढते, पपई खाते, आणि मग त्यावर आळ येतो. तुझं नेमकं कशानं गेलं ते आता कोणी सांगू शकणार नाही, हेही त्या म्हणाल्या. पण हंड्यानंच गेलं असं मानायला काही आधार नाही.

आणि एक मी माझ्या पदरचं सांगते. अप्पूच्या वेळी तू नवव्या महिन्यापर्यंत आडावर जात होतीस, आजीच सांगायची. तोच रहाट, तोच हंडा. अप्पू आज पंच्याऐंशी किलोचा आहे.

म्हणून काही ते पाणी भरणं बरं होतं असं मी म्हणत नाहीये. दिवसातून वीस-वीस खेपा, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी आणि पायाखाली शेवाळलेला जांभा, हे पोटुशीनं करायचं कामच नव्हतं. पण ते तुझ्यावर आलं होतं, तू ओढवून घेतलं नव्हतंस. बाबा, हे वाक्य तुम्ही वाचलंत तरी चालेल.

आता मनूचं. ती साडेबारा किलोंची झालीय. आपल्या घरगुती सिलेंडरात १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे त्याहून थोडी कमी, पण सिलेंडर पाय झाडत नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं, संक्रांतीच्या आदल्या रात्री माझ्या कमरेत उसण भरली होती. चौथा महिना. मनू रात्री दोनला रडत उठली. तिच्या लाकडी कॉटला कठडा आहे. मी अर्धवट झोपेत कठड्यावरून ओणवी झाले, हात लांब करून तिला धरलं, आणि सरळ व्हायच्या आतच आमच्या पलंगाकडे वळले. कमरेत वीज चमकावी तसं झालं. मनू हातात, मी वाकलेली, खालीही ठेवता येईना आणि वरही घेता येईना. शेवटी निखिलला हाका मारल्या. त्यानं तिला घेतलं आणि मी कठड्याला धरून दहा मिनिटं तशीच उभी.

सकाळी दवाखान्यात गेलो. बाळ ठीक होतं. डॉक्टरबाईंनी मला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या मुलीनं, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, कोपऱ्यात वाळूची पिशवी ठेवली आणि म्हणाली, ‘उचला.’ मी वाकले. ‘थांबा, थांबा. आधी जवळ जा. एक पाय थोडा पुढे. गुडघ्यात बसा, पिशवी पोटाशी घ्या, श्वास सोडत उठा. वळायचं तर पाय वळवा, कंबर नाही.’

बाबा, मी हसायलाच लागले. दर मे महिन्यात पडवीत बसून मी ऐकत आलेय ते हेच. गड्यांना तुम्ही ओरडायचात, ‘पेटी छातीशी घे रे, कमरेत काय वाकतोस! पाय फिरव, पाय!’ सहा डझनांची हापूसची पेटी आणि आमची मनू, नियम एकच. अंगापासून लांब धरलं की तेच वजन कमरेला कितीतरी पट लागतं. त्या फिजिओवाल्या मुलीला सांगितलं की आमच्या बाबांनी हे फुकटात शिकवलं होतं, तर म्हणाली, ‘मग पाळत का नाही?’

एरवी चालून जातं, पण या दिवसांत कमरेवर आधीच भार असतो. रिलॅक्सिन नावाचं एक संप्रेरक सांध्यांचे बंध सैल करतं. पोट पुढे आलं की तोल पुढे जातो, पाठीचा बाक वाढतो, आणि पोटाचे स्नायू ताणलेले, त्यामुळे कंबर एकटी पडते. आई, तुला वाटतं तसं उचलल्यानं बाळ दाबलं जात नाही. ते पाण्यात तरंगतंय, वर गर्भपिशवीची जाड भिंत. गर्भारपणात गुंतागुंत नसेल तर आपल्या मुलाला अधूनमधून नीट उचलायला डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

मला मात्र मध्ये नाही म्हटलं होतं, आणि ते मी पाळलं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली दिसली, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ. तेव्हा मी तुम्हाला ‘थोडी विश्रांती सांगितलीय’ एवढंच बोलले होते. वार खाली असेल, रक्त जात असेल, पिशवीचं तोंड आखूड असेल, आधी दिवस भरायच्या आत बाळंतपण झालं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर सांगतील तेच खरं. बहुतेकींची वार पुढे पिशवी वाढते तशी वर सरकते. माझीही बत्तिसाव्या आठवड्यात वर गेलेली दिसली, म्हणून आता मोकळी आहे. पण ते बारा आठवडे मनूला एकदाही उचललं नाही.

त्याच काळात गुढीपाडव्याचा व्हिडिओ कॉल झाला. मनू माझ्या पायाला लोंबकळत होती आणि आई तू तिला म्हणालीस, ‘आईच्या पोटात बाळ आहे ना, तुला कडेवर घेतलं तर बाळाला बाऊ होईल.’ मायेनंच बोललीस. मनू तेव्हा गप्प बसली. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तर येऊन समोर उभी राहिली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, ‘बाळाला जरा खाली ठेव. मग मला घे.’

मेथीची जुडी तशीच राहिली, आई. मी तिला मांडीवर घेऊन बसले कितीतरी वेळ.

तेव्हापासून आमच्या घरात बाळाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय. ‘आईची कंबर दुखतेय’ म्हणायचं, ते खरंही आहे. अजून जन्मलंही नाही त्याच्यावर आईची कडेवरची जागा घेतल्याचा आळ नको. तुम्ही दोघांनीही हेच म्हणायचं. शेजारच्या काकूंना मी सांगून थकले, तुम्ही तरी ऐका.

आता उचलायला परवानगी आहे तरी मी क्वचितच उचलते. अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेनं गरोदर बायकांसाठी वजनाचा एक तक्ता केलाय. सगळं सुरळीत असेल आणि कधीमधी उचलायचं असेल तर विसाव्या आठवड्यापर्यंत साधारण सोळा किलो, त्यानंतर बारा, तेही अंगाला चिकटून धरलं तर. नडगीच्या मध्यापेक्षा खालून काही उचलूच नये म्हणतात. तो तक्ता खोक्यांचा आहे, भर रस्त्यात लोळण घेणाऱ्या मुलांचा नाही. पण हिशेबाला बरा: मनू बाराच्या वर गेलीय, आणि ती कायम जमिनीवरच असते.

म्हणून मी खाली बसते आणि ती वर चढते. सोफ्यावर टेकले की ती मांडीत येते, तिथेच हवं तेवढं धरते. उचलायचंच झालं तर आधी तिला खुर्चीवर उभी करते, ती छातीपाशी आली की मिठी मारून घेते. कडेवर घेणं अगदी बंद. एका बाजूला कंबर काढून उभं राहिलं की जांघेपासून माकडहाडापर्यंत कळ येते, आणि आई, तू म्हणशील की आमचं आयुष्य गेलं कडेवर पोरं घेऊन. गेलं खरं. म्हणूनच तुझी डावी बाजू रात्री दुखते.

जिन्यावर मात्र कुठल्याच प्रकारे घेत नाही. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि मला आता स्वतःची पावलं दिसत नाहीत. या महिन्यात मला मनूच्या वजनापेक्षा पडण्याची भीती जास्त वाटते. ती कठडा धरून एकेक पायरी मोजत चढते, मी मागे. पाचानंतर थेट आठ येतात, त्यामुळे लवकर पोचतो.

रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट ठरावीक अंतरानं कडक व्हायला लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. नंबर फ्रीजवर लावलाय. तुम्ही इथे असाल तेव्हा तुम्हालाही ठाऊक असावं.

आता खरी काळजी. तुम्ही याल तेव्हा मनू धावत दाराशी येणार, दोन्ही हात वर करून, आणि आई तू तिला उचलणार. मला दिसतंय ते. तुझ्या गुडघ्यांना हाडांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी विसरलेले नाही. पाटावर बसायचंही बंद केलंय तुझं. मला जे नियम तेच तुला. दारातल्या खुर्चीवर आधी बस, पिशव्या बाबांकडे दे, मग हात पसर. ती येईल चढून. तिला आता सवय झालीय, आजी बसली की आपण चढायचं.

सिझर झालंच तर सहा आठवडे नव्या बाळाहून जड काही उचलायचं नसतं. तेव्हा मनू बाबांच्या पाठकुळी. पण बाबा, तुम्ही पलंगाच्या कडेला बसायचं, तिला मागून गळ्यात पडू द्यायचं, मग भिंतीला हात लावून उठायचं. सत्तरी जवळ आलीय, गड्यांना सांगता ते स्वतःलाही सांगा.

तुमच्यासाठी एक काम आहे. पुठ्ठ्याचे खोके आल्यापासून माळ्यावर ज्या लाकडी पेट्या पडून आहेत, त्यांतल्या फळ्यांचं दोन पायऱ्यांचं स्टूल करून आणा. खालची पायरी सहा इंचांवर, वरची बारा. फळ्या दुहेरी घ्या, पेटीचं लाकूड पातळ असतं. वर दोन्ही पाय मावतील एवढी रुंद हवी, खिळ्यांची डोकी आत ठोकलेली, चार पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, फरशीवर सरकू नये म्हणून. कॉटचा कठडा आम्ही एका बाजूनं काढून टाकलाय. स्टूल आलं की ती स्वतः चढेल आणि उतरेल, बेसिनलाही पोचेल. दात घासायला तिला दिवसातून दोनदा उचलावं लागतं, ते वाचेल.

पाऊस लागायच्या आत निघा. कुंभार्ली घाटात एकदा धुकं आलं की आईला गाडी लागते. चिपळूणहून पुढची सीट मिळेल असं बघा, आलेपाक जवळ ठेवा. आमसुलं आणा, फणसाचे गरे नकोत, इथे दोन दिवसांत संपतात आणि मग पोटं बिघडतात सगळ्यांची.

तुमची,
ताई

ता. क. आई, ते मधलं कधीचं, महिना कुठला होता, हे मला सांग. फोनवर नको. इथे आलीस की, रात्री, मनू झोपल्यावर.