फोटोतले विमान नौदलाचे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत गोव्याच्या सहलीवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यातल्या फोटोखाली ‘हवाई दलाचे निवृत्त लढाऊ विमान’ असे छापले आहे, ते चूक आहे. ते सी हॉक, म्हणजे नौदलाचे विमान. ते बोगमाळोच्या ज्या संग्रहालयात उभे आहे, तेही नौदलाच्याच विमान शाखेचे असून १९९८ पासून सुरू आहे.

चूक कशी झाली असेल ते कळते. आपल्या नागपुरात विमान म्हटले की सोनेगाव आणि वायुसेनानगर. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयच इथे. माझे लग्न ठरले तेव्हा महाल भागातल्या आमच्या सासरेबुवांनीही विचारले होते, “जावईबापू, नेव्हीत तर जहाजं राहतात, तुम्ही विमानाचं काय करता तिथं?”

मी नौदलात सी हॉक विमानांची देखभाल करत असे. १९७१चे युद्ध संपल्यावर भरती झालो, त्यामुळे ४ डिसेंबरला विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला करणारे सी हॉक मला फक्त वरिष्ठांच्या तोंडूनच कळले. माझ्या वाट्याला पुसापुशी जास्त आली. समुद्राच्या वाऱ्यातले मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसते, ते गोड्या पाण्याने धुवायचे, मग कापडाने कोरडे करायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी फरशी पुसताना बायको अजून त्यावरून टोमणे मारते.

दोन वर्षांपूर्वी नातीला घेऊन ते विमान पाहायला गेलो होतो. ती मागे जाऊन वाकली नि म्हणाली, “आबा, याला मागे भोकच नाही. धूर कुठून निघतो?” मला फार बरे वाटले, कारण मोठी माणसे कॉकपिटसमोर फोटो काढून पुढे निघतात. सी हॉकला इंजिन एकच, पण त्याचा झोत आत दुभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या धडात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. मग तिला पंखांचा सांधाही दाखवला. पंख वर दुमडल्याशिवाय विमान जहाजाच्या लिफ्टमध्ये मावत नाही, हँगरमध्ये उतरत नाही.

शेजारी सी हॅरिअर आहे. १९८३च्या अखेरीस ही विमाने गोव्यात आली आणि २०१६ साली निवृत्त झाली. ती जागच्या जागी सरळ खाली उतरू शकत. आमच्या सी हॉकला ते सुख नव्हते. हलत्या डेकवर आडव्या ताणलेल्या वायरींपैकी एक तरी शेपटीखालच्या हुकात अडकली पाहिजे. नाही अडकली तर इंजिन पुरते वाढवून पुन्हा आकाशात. विमान उतरू लागले की खाली उभ्या आम्हा सगळ्यांची नजर त्या हुकावर असे, वैमानिकाकडे नाही.

लेखकाने तो हुक पाहिला असता तर फोटोखालची ओळ वेगळी आली असती. अर्थात वाचकालाही तो दिसण्याची सोय नव्हती, कारण आपल्या पानावर फोटो नेमका शेपटीपाशी कापला आहे. दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया पूर्ण फोटो छापावा.

— एक निवृत्त नौसैनिक, प्रतापनगर, नागपूर