मुद्रांक घेता, मग सातबाराही वाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझ्या मेहुण्याने गेल्या वर्षी दीड एकर जिरायत घेतली. मुद्रांक शुल्क भरले, नोंदणी फी भरली, फोटो-अंगठे झाले, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) हातात पडला. पेढेही वाटून झाले. मग कळले की फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद, नामंजूर. कारण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एक ओळ होती : ‘कु. का. कलम ४३ चे बंधनास पात्र’.

ही ओळ १९४८ च्या कुळकायद्यातली. १ एप्रिल १९५७ रोजी दुसऱ्याची जमीन कसणारी कुळे कायद्याने मालक झाली. त्यांना मिळालेल्या जमिनी पुन्हा पैसेवाल्याच्या घशात जाऊ नयेत म्हणून विक्रीला सरकारी परवानगीची अट घातली गेली. हेतू रास्तच होता. २०१४ च्या दुरुस्तीने ती अट सैल झाली. कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे उलटली असतील, तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरायचा, परवानगीची गरज नाही. या जमिनीचा आकार सव्वाचार रुपये. म्हणजे नजराणा झाला १७० रुपये! ते कोणी भरले नाहीत, म्हणून आता तहसीलदारांकडे शर्तभंगाचे प्रकरण सुरू आहे. वकिलाची पहिली फीच त्याच्या कितीतरी पट गेली.

चूक मेहुण्याची आहेच. त्याने सातबारा पाहिला, पण नाव आणि क्षेत्र एवढेच. (आपण सगळे तेवढेच पाहतो.) पण ज्या कार्यालयाने शुल्क घेऊन दस्त नोंदवला, तिथे विचारले तर उत्तर मिळाले, “मालकी तपासणे आमचे काम नाही.” १९०८ चा नोंदणी कायदा पाहता ते खोटेही नाही. नोंदणीवाले आपला कायदा बघतात, तलाठी आणि मंडळ अधिकारी १९६६ ची महसूल संहिता. जमिनीचा फार लहान तुकडा पडतो का हे १९४७ चा तुकडेबंदी कायदा सांगणार, घेणारा शेतकरी आहे का हे कुळकायद्याचे कलम ६३. बहिणींचा हिस्सा वारसा कायद्यात, आणि घर बांधायचे म्हटले की नगररचनेचे दार वेगळेच. प्रत्येक कायद्याला त्याचे कारण आहे, पण ते सगळे जमिनीच्या एकाच गटावर एकाच वेळी लागू असतात, हे खरेदीच्या दिवशी सांगणारा कोणी नसतो.

त्यातही कुळकायदा एक नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा, विदर्भात १९५८ चा, उरलेल्या भागात १९४८ चा. महाराष्ट्र संयुक्त होऊन साठ वर्षे उलटली, त्याचे कुळकायदे अजून व्हायचे आहेत.

बरे, फेरफार मंजूर झाला तरी मालकी पक्की म्हणावी, तर तेही नाही. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानायची, एवढेच संहितेचे कलम १५७ म्हणते. सातबाऱ्याने मालकी सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही वारंवार सांगितले आहे. मग खरेदीदार भरवसा ठेवतो तो कशावर?

सातबारा आता संगणकावर आहे. दस्त नोंदवताना गट क्रमांक टाकला की ‘इतर हक्क’ समोर यावेत, बंधन दिसले तर ते दोन्ही पक्षकारांना लेखी कळवून सही घ्यावी आणि नजराणा तिथेच भरता यावा. दस्त अडवण्याचा अधिकार मात्र देऊ नये, नाहीतर वजन ठेवायला आणखी एक टेबल तयार होईल.

हे व्हायला वेळ लागणार असेल, तर तोवर ‘इतर हक्क’ हा रकाना सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावा. त्याला कुठल्याच कायद्यात दुरुस्ती लागत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक