येऊरच्या मावशींना, वर बघायला शिकवल्याबद्दल

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर येईल आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय, घाईघाईत वाचू नकोस, आजी मध्ये काही बोलली तर थांब. पत्र तुम्हालाच आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असं उघडं लिहितेय. थंडी संपली की आपल्याकडे थेट उन्हाळाच लागतो, मध्ये काही नसतं, असं वाटणारे ठाण्यात पुष्कळ जण आहेत. गेल्या वर्षीच्या माघापर्यंत मीही त्यांच्यातलीच होते.

आमच्या वर्तकनगरच्या कोपऱ्यावर तुम्ही वालाच्या शेंगा घेऊन बसला होतात. मी शेंगा निवडत होते आणि तुम्ही विचारलंत, "बाय, झोप नाय का लागत?" तोवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून मी अकरा वर्षांचं टोरांटोचं बिऱ्हाड सोडून परत आले होते. दिवसभर औषधं, फिजिओथेरपी, डायपर. आईची उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ बंद. हे सगळं मी तुम्हाला शेंगांच्या टोपलीपाशी उभं राहून सांगितलं. तुम्ही शेंगा पिशवीत भरल्यात आणि म्हणालात, "सकाळी वर या. तासभर चाला माझ्यासंगं."

पहिल्या दिवशी मी वर, तुमच्या येऊरच्या जंगलात आले ती खरं तर उपचार म्हणून. उपवनच्या तळ्यापासून चढ चढून आले, वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि तुमच्या मागे चालू लागले. काय दिसलं मला? धूळ. सागाची वाळून कडक झालेली पानं, पाय पडला की कराकरा मोडणारी. कारवीच्या सुकलेल्या काड्या. उघडी झाडं. मला टोरांटोच्या पायवाटांची इतकी आठवण आली की घसा दाटला. तुम्ही थांबलात, माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "खाली काय शोधताय? वर बघा."

वर काटेसावर होती. एकही पान नाही आणि प्रत्येक फांदीवर तळहाताएवढी लाल फुलं. त्यांत मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल असा सगळा गोतावळा जमून कलकलाट चाललेला. त्या झाडाखालून मी मान खाली घालून निघून गेले असते.

मान खाली का होती, ते मला नंतर कळलं. मी वसंत शिकले होते तो तिकडचा, आणि तिकडचा वसंत जमिनीवर येतो. चालताना मी तुम्हाला त्याबद्दल सांगायचे आणि तुम्ही दर वेळी "मग?" म्हणून पुढचं काढून घ्यायचात. जानेवारीत पारा उणे पंधरापर्यंत उतरतो. २० मार्चला कॅलेंडरात वसंत लागतो, तेव्हाही रस्त्याच्या कडेला काळपट झालेल्या बर्फाचे ढीग असतात. रात्री गोठवणारी आणि दिवसा थोडी ऊब, असे दिवस आले की मेपलच्या खोडात रस चढतो. खोडाला भोक पाडून तो बादलीत धरतात आणि साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक मिळतो. हे ऐकून तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे आमची ताडीच की, फक्त आटवलेली." त्या दिवशी परत येईपर्यंत आपण झाडाच्या पाण्याबद्दलच बोलत होतो.

मग बर्फातून क्रोकसची नखाएवढी फुलं वर येतात, जांभळी आणि पिवळी. लोक उकिडवे बसून ती बघतात. एप्रिलच्या अखेरीला टोरांटोच्या हाय पार्क या बागेत चेरी फुलायला लागते. त्यातली पहिली झाडं टोकियोच्या नागरिकांनी १९५९ साली भेट दिली होती, आणि फुलं बघायला सगळं शहर लोटतं. पण मला आवडायचं ते त्यानंतरचं ट्रिलियम. तीन पानं, त्यांवर तीन पाकळ्यांचं एकच पांढरं फूल. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं जातात. वरच्या मोठ्या झाडांना पालवी फुटून सावली पडण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत या जमिनीलगतच्या झाडांना सगळं उरकायचं असतं, म्हणून तिथल्या जंगलाची जमीन एकाएकी पांढरी होते. तिथे अकरा वर्षं मी खाली बघायला शिकले.

आपल्याकडे त्या दिवसांत जमिनीत ओल कुठे असते? गवत पिवळं पडलेलं, ओढा आटलेला. पाणी आहे ते खोल मुळांशी आणि जाडजूड खोडांत. त्यामुळे सण असतो तो मोठ्या झाडांचा. पानं गाळली की पानांवाटे जाणारं पाणी वाचतं, आणि उघड्या फांदीवरचं लाल फूल पाखरांना लांबून दिसतं. तिकडेही पानं गळतात ती पाण्यापायीच, कारण गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते मिळत नाही. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही ऐनाच्या खोडावर हात ठेवून म्हणालात, "मग तिकडची झाडं न् आमची झाडं एकाच घरची." ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्या फाल्गुनात आपण आठवड्यातून तीनदा तरी चाललो. उजाडल्याशिवाय निघायचं नाही हा तुमचा नियम, कारण हे जंगल बिबट्याचंही घर आहे. जंगलातलं काही तोडायचं नाही हा दुसरा. तिसरा नियम मला फार कामाला आला. रस्त्यावर फूल पडलेलं दिसलं की थांबायचं आणि ते कुठून आलं ते वर शोधायचं. अशीच मला कौशी सापडली, एरवी कधीच दिसली नसती. निष्पर्ण झाड, आणि फांद्यांना जणू शेंदरी पोवळी चिकटवलेली. पांगारा सापडला. कुसुमाची कोवळी पालवी लांबून बघून मी म्हटलं, केवढी फुलं ही, आणि तुम्ही मला झाडाखाली नेऊन उभं केलंत. पानं होती ती, तांबडीलाल, उन्हात आरपार दिसणारी. कोवळ्या पानाला उन्हापासून वाचवायला तो लाल रंग उपयोगी पडतो, असं अभ्यासक मानतात. तुम्ही ते बाळाच्या टाळूवरच्या तेलासारखं असल्याचं म्हणालात. माझ्या लक्षात तुमचंच राहिलं.

आणि कांडोळ! पांढऱ्या खोडाचं, कागदासारखी साल सुटणारं ते झाड तुम्ही मला नुकतं उजाडलेल्या फिक्या उजेडात मुद्दाम दाखवलंत. त्याला भुत्या का म्हणतात ते सांगायची गरज पडली नाही.

आता आईचं.

पहिल्याच दिवशी निघताना तुम्ही रस्त्याच्या कडेला पडलेलं सावरीचं एक फूल उचलून माझ्या हातात दिलंत. "आईला दाखवा." मी घरी येऊन ते तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. ते फूल जड असतं, पाकळ्या मेणासारख्या गुळगुळीत आणि गार. पेल्यात थोडं पाणी होतं, त्यात एक मुंगी. आई बराच वेळ त्या मुंगीकडे बघत राहिली. मग तिने फूल नाकाशी नेलं. त्याला वास असा नसतो, पण तिने नेलं. महिनाभरात स्वतःहून काही करायची तिची ती पहिलीच वेळ होती.

तेव्हापासून तुम्ही दर फेरीला काहीतरी द्यायचात. पांगाऱ्याची वाघनखासारखी पाकळी. कुसुमाचं लाल पान. शिमग्याच्या आदल्या दिवशी तुमच्या बांधावरच्या पळसाची ओंजळभर फुलं दिलीत, ती रात्रभर पाण्यात घातली आणि सकाळी आईच्या कपाळाला त्या केशरी पाण्याचं बोट लावलं. मग तुमच्या घरामागच्या मोहाची फुलं आली. पहाटे गळलेली, फिकट पिवळी, गरगरीत. एक तिच्या जिभेवर ठेवलं, तर तिने डोळे मिटले आणि आणखी मागितलं, "अजून" असं म्हणून. स्पष्ट म्हणाली. मी त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता, पण नीट बोलता आलं नाही. तुम्ही पलीकडून फक्त "कळलं, कळलं" म्हणत राहिलात.

डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपीच्या मुलीने आपलं काम चोख केलं, त्यांचे उपकार आहेतच. फुलांनी आई बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण दिवसाची वाट बघावी असं काहीतरी तिच्याकडे आलं, आणि माझ्याकडेही, ते तुमच्यामुळे.

वैशाखातली ती दुपार मी सगळ्यात जास्त वेळा आठवते. पळसाला तोवर मोठी पानं आली होती. तुम्ही भाजी विकून झाल्यावर पानांची जुडी घेऊन आमच्या घरी आलात, आईच्या खाटेपाशी खाली बसलात आणि एक पान तिच्यापुढे धरलंत. एका देठाला तीन पानं. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "हीर." मला आधी कळेना. तुम्हाला कळलं. तुम्ही आमच्या खराट्यातला नारळाचा एक हीर ओढून काढलात, धुतलात आणि तिच्या डाव्या हातात दिलात. माहेरी, संगमेश्वराकडे, लग्नकार्याला ती शेकड्यांनी पत्रावळी लावायची, हे मी लहानपणी ऐकलेलं आणि विसरूनही गेलेले.

तिचा उजवा हात उठत नव्हता. मग तुम्ही तिचा उजवा हात झालात. तुम्ही पानावर पान धरायचं, ती टोचायची. हीर तुकड्यातुकड्याने मोडायचा, दोनदा पान फाटलं. तुम्ही दोघी काही बोलत नव्हतात. एकच पत्रावळ व्हायला तासाच्या वर गेला. ती वेडीवाकडी झाली होती आणि मधे एक भोक राहिलं होतं, तर आईने बोटाने ते भोक दाखवलं आणि तुम्ही त्यावर एक पान ठेवलंत. त्याच पत्रावळीवर तिला दहीभात भरवला.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून ते पुन्हा काढत नाही. पण एवढं म्हणू द्या. तुमचा सकाळचा एकेक तास म्हणजे भाजी विकण्यातला एकेक तास होता, हे मला ठाऊक आहे. माझ्यासाठी तुम्ही उशिरा बाजार धरलात. मनापासून आभार, मावशी.

टोरांटोतली माझी मैत्रीण परवा विचारत होती, तिकडे आत्ता काय फुललंय. तिच्याकडे अजून बर्फ आहे. तिला मी काल सकाळी काढलेला फोटो पाठवला, येऊरच्या चढावरची सावर, खालून वर बघत काढलेला.

रविवारी उजाडलं की नाक्यावर येते. आई आता काठी धरून खिडकीपर्यंत चालते, तेव्हा या वेळी परतताना तुम्ही माझ्यासोबत खाली या आणि आमच्याकडे चहा घेऊन मगच बाजाराला जा. पळसाला पानं यायला अजून अवकाश आहे, हे मी तिला सांगून बघितलं. तिने तरी खराट्यातले हीर काढून, पुसून, दोऱ्याने बांधून ठेवलेत.

तुमची,
वालाच्या शेंगा घेणारी बाय