बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं

लीड्स,
9 जून

चि. सौ. शालनला अनेक आशीर्वाद. आत्याबाईंना आणि मामंजींना नमस्कार, दाजींनाही.

कालच्या फोनवर तू फार हळू बोलत होतीस, तेव्हाच ओळखलं की आत्याबाई शेजारी बसल्या आहेत. बाळ पायाळू आहे, जुलैत एकोणचाळीसाव्या आठवड्यात सिझर करायचं बेळगावच्या डॉक्टरांनी ठरवलंय, आणि घरात एकच चर्चा: मणक्यात सुई घ्यायची नाही, पूर्ण भूल द्यायला सांगायची. तुमच्या गल्लीतल्या वहिनींची कंबर त्या सुईपासून धरली ती धरलीच, असं आत्याबाई म्हणाल्या. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून रात्रपाळीवरून आल्यावर लिहायला बसले. कागदांचे फोटो पाठवतेय. दाजींना सांग, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

मी इथे तेच काम करते, तुला माहीत आहे. बाळंतपणाच्या थिएटरमध्ये भुलीच्या डॉक्टरांच्या हाताशी उभी असते. ते सुई टोचतात तेव्हा बाईचे खांदे माझ्या हातात असतात. पण हे पत्र त्या कामामुळे लिहीत नाहीये. यशच्या बाळंतपणात मी जे भोगलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितेय.

आधी कंबरेचं. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई लागते ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे पाण्यात नसांचे सुटे धागे लोंबतात, घोड्याच्या शेपटीसारखे. सुई केसासारखी बारीक असते आणि औषध जेमतेम दोन मिलीलीटर. टोचलेली जागा चार-आठ दिवस हुळहुळते, ते खरं. पण वर्षानुवर्षं कंबर दुखते ती ह्या सुईमुळे, असं ज्यांनी नीट तपासून पाहिलं त्यांना आढळलं नाही. नऊ महिने पोट पुढे ओढतं, सांधे सैल होतात, मग मूल कडेवर, पाण्याची घागर, वाकून झाडलोट. नॉर्मल बाळंतीण झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच ना? आत्याबाईंना हे विचार, पण नीट शब्दांत. त्या तुझ्या काळजीपोटीच बोलतायत.

पाय कायमचे जातात का, हा दुसरा प्रश्न. इथल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2009 साली असल्या 7 लाखांहून जास्त भुलींचा हिशोब छापला. प्रत्येक शंकेची केस वाईट बाजूला धरली तरी कायमचं नुकसान लाखात चारच्या आसपास निघालं, आणि बाळंतिणींमध्ये त्याहूनही कमी. शून्य नाही, हे मी तुला सांगणारच. पण पूर्ण भुलीतही धोके आहेत आणि गरोदरपणी ते वाढतात. पोटातलं अन्न लवकर खाली सरकत नाही, घशाला सूज असते, श्वासाची नळी घालणं अवघड जातं, आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. थोडी भूल बाळालाही पोचते. म्हणून ठरवून केलेल्या सिझरला जगभर मणक्यातलीच भूल आधी निवडतात.

तरी ती प्रत्येकीला चालत नाही. रक्तातल्या प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, खूप रक्तस्राव होत असेल, सुईच्या जागी गळू असेल, तर डॉक्टर स्वतःच पूर्ण भूल देतील. कधी सुई लागूनही भूल नीट चढत नाही, तेव्हाही द्यावी लागते. तशी वेळ आली तर तिथे हट्ट करू नका. चंदगडच्या तपासण्यांचे सगळे कागद आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ने. तुझं माता-बाल कार्ड महाराष्ट्राचं आणि दवाखाना कर्नाटकातला, त्यामुळे कार्डातलं सगळं तिथे पुन्हा तोंडानं सांगावं लागेल.

आता थिएटरमध्ये काय होईल ते. आधी सहा तास जेवण नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तिथले डॉक्टर सांगतील तेच धर. टेबलावर बसवतील आणि पाठ बाहेर काढायला सांगतील. रोप लावताना आपण कमरेतून वाकतो तशी पाठ गोल कर, हनुवटी छातीला टेकव, खांदे सैल सोड. पायात ऊब पसरेल, मग पाय जड होतील. बर्फाचा बोळा लावून भूल कुठवर चढली ते बघतील. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळत राहील, त्याला भिऊ नकोस. पण टोचल्यासारखं, कापल्यासारखं दुखलं तर गप्प बसू नकोस. त्यावर त्यांच्याकडे उपाय असतो.

सगळ्यात जास्त वेळा होतं ते ब्लडप्रेशर उतरणं. पायाच्या शिरा सैल पडतात आणि उताणं झोपल्यावर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं. एकदम मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, जीव घाबरा होतो. बाईला वाटतं आपण चाललो. ते वाटताक्षणी बोल. टेबल डावीकडे कलवतात, उजव्या कुल्ल्याखाली उशी सारतात, सलाइनमधून औषध देतात आणि मिनिटाभरात बरं वाटतं. मी रोज बघते. अंगाला कापरं भरतं, सुईत मॉर्फिन मिसळलं असेल तर नाकाला खाज सुटते, ह्या बारीक गोष्टी. भूल क्वचित जास्त वर चढते. हाताला मुंग्या आल्या, बोलताना दम लागला तर तेही लगेच सांग. नंतर पाय दोन-चार तासांत परत येतात. तोवर एकटीने खाट सोडायची नाही.

खरं सांगायचं ते आता.

यश झाला तेव्हा तू दहावीत होतीस. मी खाटेवर उताणी आणि तू त्याला मांडीवर घेऊन बसलेली, आठवतंय? तुला वाटायचं आक्का दमलीय. दुसऱ्या दिवशी त्याला पाजायला उठून बसले आणि डोक्यात घण बसल्यासारखं झालं. कपाळ, मान, मागे खांद्यापर्यंत. कानात गुणगुण. आडवी झाले की पाच मिनिटांत थांबायचं. उठले की पुन्हा. आई म्हणाली वारं भरलं, डोक्याला घट्ट फडकं बांधलं, कानात कापूस घातला, शेगडी जवळ ओढली. राउंडला आलेल्यांना सांगितलं तर म्हणाले, सिझरनंतर डोकं दुखतंच, सोसा जरा. मीही सोसलं. वेण्याही न सोसता पोर झालं, आता डोकं दुखतंय म्हणून काय रडायचं, असं माझं मलाच वाटत होतं. ते वाटणं चुकीचं होतं. नवव्या दिवसापर्यंत मी माझ्या पोराला नीट मांडीवर घेऊन पाजलं नाही. पाचवीच्या पूजेला दोघींनी धरून बसवलं आणि सटवाईपुढे मी ओकले. ते दिवस मला कुणी परत देणार नाही.

एकटी रात्रपाळीची नर्स होती, गोकाककडची, मराठी मोडकं बोलायची. ती आली, मला बसलेली बघितली आणि खांद्याला धरून म्हणाली, "मलगु तंगी, मलगु." झोप ग बहिणी, झोप. तिलाही सिझर झालेलं, तिलाही असंच दुखलेलं. तिने कॉफी आणून दिली. पुढच्या दिवशी तिची पाळी बदलली.

कशामुळे होतं ते मी इथे शिकले. आपल्या जांबोटीच्या शेतात खेकडा बांधाला बीळ पाडतो, आणि रात्रीतून खाचरातलं पाणी उतरतं, तसंच. मेंदू आणि मज्जारज्जू एका पाण्यात तरंगत असतात. सुईने त्या पाण्याच्या पिशवीला भोक पडतं, बारीक का होईना. त्यातून पाणी झिरपत राहिलं तर उभं राहिल्यावर मेंदूचा आधार कमी पडतो, आवरणं ताणतात आणि डोकं ठणकतं. झोपलं की ताण जातो. 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअर नावाच्या डॉक्टरांनी ही भूल पहिल्यांदा दिली, आणि स्वतःवर प्रयोग करायला गेले तर त्यांनाच हे दुखणं लागलं. इतकं जुनं आहे हे. आता पेन्सिलच्या टोकासारख्या बारीक सुया आल्यात, त्या पिशवी कापत नाहीत, तिचे धागे बाजूला सारतात. त्यामुळे शंभरात एखादीलाच होतं. जाड किंवा कापणाऱ्या टोकाच्या सुईने जास्त होतं. सुई बारीक, पेन्सिल टोकाची आहे का, एवढं भुलीच्या डॉक्टरांना खुशाल विचार. चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

आणि उपाय आहे, शालन. बहुतेकींचं आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतं. तोवर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, कॉफी-चहा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं, ही समजूत त्या दिवसांत पाळू नका, एवढी आत्याबाईंना माझी हात जोडून विनंती. फडकं बांधायला काही हरकत नाही. इतकं करूनही बसता येत नसेल तर बाळंतिणीच्याच दंडातलं पंधरा-वीस मिली रक्त काढून त्या पिशवीच्या बाहेर सोडतात. ते गोठतं आणि भोक बुजतं, बिळात चिखल थापल्यासारखं. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. तीन दिवस आडवी पडलेली पोरगी थोड्या वेळाने उठून बसली आणि तिने बाळाला वर घेतलं. एका सुईत सगळ्याच बऱ्या होत नाहीत, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. पण असं काही असतं हे माझ्या वेळी मला कुणी सांगितलंच नाही.

पण बाळंतिणीचं प्रत्येक डोकेदुखणं सुईचं नसतं. आडवं होऊनही थांबलं नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली पोट दुखलं, ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, फिट आली, ताप येऊन मान ताठली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर घरी एक मिनिट थांबायचं नाही. बाळंतपणानंतरही प्रेशर वाढतं, आधी कधी नसलं तरी. तसंच पाय आलेले असताना पुन्हा बधिर झाले, लघवी अडली किंवा तापासोबत पाठीत जबर दुखू लागलं, तरीही लगेच दवाखाना. असं फार क्वचित होतं, पण झालं तर प्रत्येक तास मोलाचा.

म्हणून माझं एक ऐका. हे डोकं बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतं, कधी पाचव्या दिवशीही. नेमकं तेव्हाच दवाखान्यातून घरी सोडतात. जुलैत जांबोटीचा पाऊस कसा असतो ते काय सांगू, आणि शिनोळीवरून सासरी जायचं तरी रस्त्याचा भरवसा नाही. तेव्हा पहिले सात-आठ दिवस बेळगावातच राहा. पाचवी तिथेच पूजा. मग आईकडे जा, डिंकाचे लाडू खा, धुरी-शेक तिथे.

आणि सहीचा कागद. माझा कन्नडात आणि इंग्रजीत होता, आपण शाळा शिकलो मराठीत. मी न वाचताच सही केली. भाषेचं भांडण मला ह्यात आणायचं नाही, आपल्या भागात ते पुष्कळ झालंय आणि मला आधार दिला तो कन्नड बाईनेच. फक्त दाजींनी म्हणावं, डॉक्टर, ह्यात काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांगा, मग सही करतो. रात्री कुणी मराठी कळणारं नसेल तर तुझ्यासाठी एक वाक्य लिहून देते, पाठ कर: "कूतरे तले नोवु, मलगिदरे कडिमे." म्हणजे बसलं की डोकं दुखतं, झोपलं की कमी होतं. एवढं ऐकलं की भुलीच्या डॉक्टरांना पुढचं सगळं कळतं. त्यांना बोलवा म्हणून सांग, "सोसा" म्हणाले तर पुन्हा सांग.

बेळगावातल्या शहापूरच्या मावशीला मी आजच फोन केला. माडीवर चढायला नको म्हणून खालची खोली रिकामी करून ठेवते म्हणाली.

तुझी,
आक्का