नलू, आधी बूड बघ

पुणे,
12 जानेवारी

प्रिय नलू,

तुझं पत्र आणि फुलदाण्यांच्या जोडीचे फोटो काल मिळाले. ती विकत मागणाऱ्या व्यापाऱ्याला इतक्यात होकार देऊ नकोस, एवढं आधी सांगते. बाकीचं सावकाश वाच.

तो म्हणतो तशा या फुलदाण्या चीनच्या मिंग राजवटीतल्या नाहीत. फोटोवरूनही हे खात्रीनं सांगते, ते त्यांच्यावरच्या गुलाबी रंगामुळे. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होणारा तो गुलाबी मीना चिनी भांड्यांवर आला 1720 च्या दशकात. मिंग राजवट 1644 मध्येच संपलेली. तुझी जोडी मला चीनमधल्या कँटन बंदराची, म्हणजे आजच्या ग्वांगझूची वाटते. एका चौकटीत मंडपातली माणसं, पुढच्या चौकटीत फुलं-पाखरं, आणि खांद्यावर चिकटवलेले सोनेरी, पालीसारखे छोटे ड्रॅगन. कोरी भांडी चीनमधल्याच जिंगदेजन गावी सुमारे 1300 अंशांवर भाजायची, मग नद्यांतून आणि डोंगर ओलांडून कँटनला आणायची आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी तिथे रंगवायची, अशी एकोणिसाव्या शतकातली रीत होती. मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन त्याच बंदरात जात. तुझ्या आजेसासऱ्यांना त्यांच्या पारशी शेटजींनी ही जोडी दिली, ही घरातली गोष्ट मला म्हणूनच पटते. शेटजींची एखादी चिठ्ठी, जुना फोटो, काही सापडलं तर जपून ठेव. वस्तू कुठून आली याचा कागद असला की भाव वेगळा होतो.

आता एक कर. जमिनीवर जाड गोधडी अंथर, फुलदाणी पोटाला दोन्ही हातांनी धरून आडवी ठेव (मानेला किंवा कानांना धरून उचलू नकोस) आणि बूड बघ. टेकायच्या कडेला झिलई, म्हणजे काचेसारखा थर, नसतो, तिथे माती उघडी दिसते. वर्षानुवर्षं सरकवून झालेली झीज कशीही, वेड्यावाकड्या रेघांची असते. मुद्दाम जुनी केलेली असली तर सगळ्या रेघा एकाच दिशेनं जातात. मग आत हात घाल. एवढं उंच भांडं चाकावर एका दमात होत नसे, दोन-तीन भाग करून जोडत. तो आडवा सांधा बोटाला लागतो का ते सांग. भिंगातून एखादी पाकळी बघ. ब्रशचा फटकारा दिसला तर हातानं रंगवलेली, ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. बुडाशी इंग्रजीत ‘चायना’ लिहिलेलं असेल तर ती बहुधा 1891 नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. शेवटी हलकीच टिचकी मार. नाद घुमला तर उत्तम, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे.

खाली सम्राटाच्या नावाचा शिक्का नाही म्हणून तू हिरमुसलीस, पण कँटनच्या अशा बहुतेक भांड्यांवर तो नसतोच. आणि मला विचारशील तर शिक्का हा सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार. जुन्या सम्राटांची नावं घालायची चाल चीनमध्ये पूर्वापार आहे, मानापोटीही आणि फसवायलाही. कांगशी सम्राटाचं राज्य 1662 ते 1722, पण त्याचं नाव एकोणिसाव्या शतकातल्या ढीगभर भांड्यांवर आहे.

आमची निळी फुलदाणी तुला आठवते? बाबांच्या टेबलावरचा दिवा? तिच्यावरही कांगशीचीच चार अक्षरं होती. बाबांनी हौसेनं दिव्याची वायर घालायला तिच्या बुडाला भोक पाडून घेतलं, नेमकं त्या अक्षरांमधून. पुढे मी ती एका जाणकारांना दाखवली. त्यांनी बराच वेळ हातात फिरवली, निळ्या रंगाचं कौतुक केलं, आणि भोकावर अंगठा ठेवून नुसते गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून विसरता येत नाही. म्हणून तुला एवढं लांबलचक लिहिते आहे.

किमतीचं आत्ता काहीच म्हणत नाही. 2022 मध्ये फ्रान्समध्ये फाँतनब्लोच्या लिलावात एका निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाणीच्या किमतीचा तज्ज्ञानं अंदाज केला होता दीड ते दोन हजार युरो, विसाव्या शतकातली म्हणून. बोली थांबली 77 लाख युरोंवर. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला, घेणारे आपल्या. तुझ्या फुलदाण्यांचं तसं होणार नाही, कँटनचा माल भरपूर बनला. पण अखंड जोडीला सुट्या दोन नगांपेक्षा जास्त मिळतं, म्हणून एकच विकायचा विचार सोड. आणि सोनं चमकवायला चिंच, पावडर काही लावू नकोस. ते झिलईच्या वर बसवलेलं असतं, घासलं की निघून येतं.

मुलीकडे कॅनडाला पाठवायचं म्हणतेस, त्यालाही थांब. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर न्यायला 1972 च्या कायद्यानं मनाई आहे. पुरातत्त्व खात्याला दाखवल्याशिवाय हलवू नकोस.

बुडाचे, आतल्या सांध्याचे आणि दोन्ही ड्रॅगनच्या शेपट्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठव. शेपट्या हमखास तुटून पुन्हा चिकटवलेल्या असतात. पुढच्या महिन्यात मुंबईला येते आहे, तेव्हा हातात घेऊन बघेन.

तुझी,
मंगल