अवजार बँकेत पदविकाधारक हवा

महोदय,
यंदा सोयाबीन काढताना आमच्या थ्रेशरमधून दाणे कमी, डाळच जास्त पडत होती. मिस्त्रीने बेल्ट बदलून पैसे घेतले, दाणा फुटतच राहिला. असा दाणा बियाण्याला ठेवता येत नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या पुतण्याने मूठभर दाणे हातावर घेऊन पाहिले, ड्रमला मोठी पुली बसवून फेरे कमी केले. झालं काम! दहावीनंतर तीन वर्षे कृषी अभियांत्रिकीची पदविका घेतलेला हा पोट्टा सध्या सीताबर्डीत मोबाइलचे कव्हर विकतो. नागपुरात १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे, पण बोलणे नेहमी पदवीचेच. शेतकऱ्यांना यंत्रे-अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजार बँकांना अनुदान देताना तिथे एक पदविकाधारक नेमण्याची अट शासन का घालत नाही?

— एक शेतकरी, काटोल रोड, नागपूर